आचारी: स्वतः

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी तोच असायचा, त्यामुळे खमंगभाऊ तो न वाचताच भरायचे. गेल्या वर्षीची प्रत शेजारी ठेवायची आणि वरून खाली उतरवून काढायची. दुकानाचा प्रकार: तळलेले बटाट्याचे काप. जागा: क्रमांक एक, मुख्य दरवाजाजवळ. परवानाधारक: स्वतः. आचारी: स्वतः. खाली झोकदार सही. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं, आणि तेविसाव्या वर्षी अर्जाच्या मागे एक गुलाबी कागद टाचलेला निघाला.

गुलाबी कागदावर लिहिलं होतं की यंदापासून मेळ्यात खाण्याचं दुकान लावणाऱ्या प्रत्येक आचाऱ्याला नगरपालिकेच्या स्वयंपाकघरात प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागेल. पंधरा तारीख, सकाळी दहा. आचाऱ्याने जातीने हजर राहावे, आपला पदार्थ आपल्या हाताने करून दाखवावा, बदली माणूस चालणार नाही.

खमंगभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण खमंगभाऊंनी उभ्या आयुष्यात एकही काप तळला नव्हता.

हे मेळ्यात कुणाला सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. चार दिवसांच्या त्या मेळ्यात माणसं दरवाजातून आत शिरायची ती आधी खमंगभाऊंच्या काउंटरपाशी थांबायची आणि मग पाळण्यांकडे वळायची. नाव तरी कुणाला ठाऊक होतं त्यांचं? वर्षभर ते एका कुलपांच्या दुकानात बसून किल्ल्या कापायचे. तिथे लोक किल्ली पुढे करायचे, किल्ली घेऊन जायचे, आणि किल्ली कापणाऱ्याला तोंड असतं हे कुणाच्या गावीही नसायचं. मेळ्याच्या चार दिवसांत मात्र ते खमंगभाऊ असायचे. त्या चार दिवसांवर ते उरलेलं वर्ष काढायचे म्हणा ना.

दुकानात मधोमध एक जाड पडदा होता. गरम तेल गिऱ्हाइकांच्या अंगावर उडू नये म्हणून तो नियमानेच लावावा लागे. पडद्यापुढे खमंगभाऊ, त्यांच्या कागदाच्या पुड्या, मिठाची डबी आणि अखंड बडबड. पडद्यामागे कढई, आणि कढईपुढे त्यांची बायको. ऑर्डर आली की भाऊ “थांबा, गरमागरम काढतो!” असं म्हणून आत जायचे आणि भरलेली चाळणी घेऊन बाहेर यायचे. आता अशा माणसाला बघून लोकांना काय वाटणार? पहिल्याच वर्षी एक म्हातारबाबा म्हणाले होते, “भाऊ, तुमच्या हाताला चव आहे हो.” खरं सांगायचं भाऊंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे रांग मोठी होती, पुड्या करायच्या होत्या, आणि खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. म्हणून ते एवढंच म्हणाले, “सवय झाली आता.” दुसऱ्या वर्षी ते तळण्याची पद्धत समजावून सांगायला लागले. पाचव्या वर्षापासून सल्ले देऊ लागले.

आणि अर्जातलं ते ‘स्वतः’ म्हणाल, तर पहिल्या वर्षी ते खिडकीवर एकटेच गेले होते. कारकुनाने विचारलं होतं, “आचारी कोण?” मागून कुणीतरी “आटपा की” म्हणून ओरडलं, आणि भाऊ म्हणाले, “लिहा, स्वतः.” एवढंच. पुढे एकवीस वर्षं नकलून काढलं.

गुलाबी कागद घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. बायको वाटाणे सोलत बसली होती.

“अगं, आपली वाट लागली.”

तिने ओल्या हाताने कागदाचं टोक धरून तो शेवटपर्यंत वाचला. “त्यात काय? खरं सांगून टाका. आचारी मी आहे म्हणावं.”

“आणि हे?” भाऊंनी अर्जाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. ‘चुकीची माहिती आढळल्यास परवाना रद्द करण्यात येईल.’ “बावीस वर्षं चुकीची माहिती दिलीय आपण. एक नंबरची जागा गेली म्हणून समज. प्रतीक्षा यादीत पन्नास लोक टपून बसलेत तिच्यावर.”

भीती खरीच होती, पण ती निम्मी होती. उरलेली निम्मी भाऊंनी सांगितली नाही. बावीस वर्षं ज्यांच्यापुढे तळण्यावर व्याख्यानं झोडली, त्या लोकांना आता काय तोंड दाखवायचं? बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. न सांगितलेलं निम्मं तिला बहुतेक कळलं, पण ती वाटाणे सोलत राहिली.

“तू मला शिकव,” भाऊ म्हणाले.

“दहा दिवसांत?”

“किल्ली कापायला मी चार दिवसांत शिकलो.”

“बटाटा म्हणजे किल्ली नव्हे,” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने कढई काढली.

पहिल्या दिवशी भाऊंनी केलेले काप फरशीला लावता आले असते इतके जाड होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोट कापून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं आणि मिनिटं मोजून तळायला घेतलं, तेव्हा पहिला घाणा कच्चा निघाला आणि दुसऱ्याच्या वेळी शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काही जळतंय का.

“घड्याळ काय बघताय?” बायको म्हणाली. “तेलाचा आवाज ऐका. काप टाकल्यावर आधी ते खळखळ करतं. मग आवाज बारीक होत जातो. पार बारीक झाला की काढायचे.”

भाऊंनी कान कढईजवळ नेला. तिने त्यांचा सदरा धरून त्यांना मागे ओढलं.

“लांबून!”

“मला तर एकच आवाज येतोय.”

“कारण तुम्ही मध्ये बोलताय.”

तेवढ्यात तिने आधी काढून ठेवलेले काप पुन्हा तेलात सोडले. भाऊ बघतच राहिले. “अगं, हे झालेत की. पुन्हा कशाला?”

“दोनदा तळायचे असतात. आधी मंद तेलात, मग थोडे निववून कडक तेलात. त्याशिवाय कुरकुरीत कसे होतील?”

“दोनदा तळतेस तू?”

“बावीस वर्षं.”

भाऊंचा चेहरा उतरला. “मग मी लोकांना सांगतो ते...”

“काय सांगता?”

“की एकदाच, मोठ्या आचेवर. हिंमत लागते म्हणून.”

बायकोने झारा खाली ठेवला, गॅस बंद केला आणि ती स्टुलावर बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “तरीच!” ती म्हणाली. “तरीच ती टोप्या विकणारी बाई दर वर्षी विचारायला येते, की घरी करून बघितलं तर का करपतात म्हणून!”

“तुला ऐकू येतं ते?”

“पडदाच आहे तो, भिंत नाही. सगळं ऐकू येतं मला. ‘भाऊ, तुमच्या हाताला चव आहे.’ ‘सवय झाली आता.’” तिने त्यांची इतकी हुबेहूब नक्कल केली की भाऊंना स्वतःचाच राग आला.

“मग तू कधी बोलली का नाहीस?”

“बोलणार कधी? दोन्ही हात गुंतलेले.” तिने पदराने डोळे पुसले. मग जरा वेळाने, हसू ओसरल्यावर, ती म्हणाली, “पण कधीतरी कुणीतरी आत डोकावून म्हणावं, बाई, छान झालेत, असं वाटायचं. वाटायचं, खोटं कशाला सांगू?”

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी त्यांनी कच्चे, करपलेले सगळे काप एकही शब्द न बोलता खाल्ले. पण माणसाचा ताठा काही पोटदुखीने जात नाही. सकाळी उठले ते नवी युक्ती घेऊनच.

“परीक्षेला घरच्यांना बाकावर बसू देतात,” ते म्हणाले. “तू बसशील. एकदा खोकलीस की मी काप टाकणार, दोनदा खोकलीस की हलवणार, तीनदा खोकलीस की काढणार. आवाज तू ऐक, हात मी चालवतो.”

“ही फसवणूक आहे.”

“हा खोकला आहे.”

तिने बराच वेळ नाही म्हटलं. पण उरलेल्या सात दिवसांत भाऊंची प्रगती बघून तिच्याही लक्षात आलं की खोकल्याशिवाय काही खरं नाही.

नगरपालिकेचं स्वयंपाकघर तळमजल्यावर होतं. लांबलचक खोली, पत्र्याची चार टेबलं, प्रत्येकावर एक शेगडी, आणि वर छताला हवेऐवजी नुसता आवाज करणारे दोन पंखे. भिंतीशी नातेवाइकांचा बाक. परीक्षा घेणारी निरीक्षक बाई तरुण होती, डोक्याला पांढरी टोपी, हातात कागद लावलेली पाटी, आणि बोलणं इतकं गोड की भाऊंना जास्तच धडकी भरली.

“काका, तेल किती वेळा वापरता?”

भाऊंनी बाकाकडे पाहिलं. बाकावरून खोकल्याची काही सोय नव्हती, कारण हा प्रश्न ठरलेला नव्हता. बायकोने एक बोट वर केलं.

“एकदा,” भाऊ म्हणाले. “फार तर एकदाच.”

बाईंनी काहीतरी लिहिलं. “करा सुरुवात.”

बटाटे बायकोने घरूनच सोलून पाण्यात टाकून दिले होते. भाऊंनी ते कापले. बरे कापले. फडक्यावर टिपून घेतले, कढई ठेवली आणि कान बाकाकडे लावून उभे राहिले. एक खोकला आला. भाऊंनी काप सोडले. तेल खळखळलं आणि भाऊंची छाती जरा फुगली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या टेबलावरच्या चटणीवाल्याने तव्यावर वाळक्या मिरच्या टाकल्या.

पहिल्यांदा तो स्वतः खोकला. भाऊ दचकले, एक खोकला म्हणजे टाका, म्हणून त्यांनी उरलेले काप टाकले. मग पलीकडची केकवाली दोनदा खोकली, भाऊंनी हलवले. चटणीवाल्याची सासू तीनदा खोकली, भाऊंनी काढले. लगेच कुणीतरी एकदा खोकलं, भाऊंनी परत टाकले. बघता बघता अख्खी खोली खोकायला लागली आणि खमंगभाऊ दोन्ही हातांनी टाक, हलव, काढ, टाक असे नाचायला लागले. बाकावरची त्यांची बायको हाताने ‘नाही, नाही’ करत होती, पण तिला बोलता येत नव्हतं, कारण तीही खरोखरच खोकत होती.

खिडक्या उघडल्यावर धूर गेला. चाळणीत काही काप पांढरेफटक होते, काही काळेठिक्कर, आणि बरेचसे एकमेकांना चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता. निरीक्षक बाईंनी तो काट्याने उलटा केला आणि परत सुलटा केला.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही कुणाच्या खोकल्यावर तळता?”

भाऊंना दरदरून घाम फुटला. “धुरामुळे जरा गडबड झाली. नाहीतर बावीस वर्षं...”

“हात दाखवा.”

भाऊंनी हात पुढे केले. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. “किल्ल्या वगैरे कापता का?”

भाऊ गारच पडले. “कसं कळलं?”

“बोटांत पितळेचा कीस आहे. माझे वडील तेच करायचे. आणि मनगटावर तेलाचा एकसुद्धा डाग नाही. बावीस वर्षं तळणाऱ्याचे हात असे नसतात.” मग त्या बाकाकडे वळल्या. “काकू, तुमचे बघू.”

बायकोने बाह्या सारल्या. दोन्ही हातांवर मनगटांपासून कोपरांपर्यंत बारीक बारीक तपकिरी ठिपके होते. काही जुने, पुसट झालेले, काही मागच्या वर्षीचे. भाऊंनी ते हात रोज पाहिले होते, त्या हातांनी वाढलेलं रोज खाल्लं होतं. ते ठिपके मोजावेत इतके आहेत हे त्यांना आज कळलं.

“तेल तापलेलंच आहे,” बाई म्हणाल्या. “या.”

बायको उठली. तिने आधी हात धुतले, मग तेल गाळून घेतलं, मग आच कमी केली. काप करताना ती सुरीकडे बघतसुद्धा नव्हती. काप टाकल्यावर तिने मान किंचित कलती केली आणि ती गप्प उभी राहिली. खोलीत आपोआप शांतता झाली, चटणीवाल्याची सासूसुद्धा खोकला दाबून बसली. एकदा काढून, निववून, पुन्हा तळून तिने काप चाळणीत ओतले तेव्हा त्यांचा नुसता आवाज ऐकून केकवालीने आपलं टेबल सोडलं.

निरीक्षक बाईंनी एक खाल्ला. मग नियमाप्रमाणे दुसरा खाल्ला. तिसऱ्याला कुठलाच नियम नव्हता.

“काकू, तुम्ही पास. काका, तुम्ही नापास.” त्यांनी पाटीवरचा कागद फाडला. “परवानाधारक एक आणि आचारी दुसरा, हे चालतं. कुणालाही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. फक्त आचाऱ्याला पाच वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागतो. ज्यांच्याकडे काम केलं त्या मालकाने द्यायचा. वर खिडकीवर फॉर्म मिळेल. आज दोनला खिडकी बंद होईल, मग जागा यादीला जाईल.”

“आणि ते, चुकीची माहिती?” भाऊंनी चाचरत विचारलं.

“मी ‘खोटं लिहिलं’ असं कळवू की ‘चुकून लिहिलं’ असं?”

“चुकून.”

“मग आता दाखल्यात खरं लिहा. तेवढं केलंत तर मी ‘चुकून’च कळवीन.”

वर गेले तेव्हा एक वाजून गेला होता. खिडकीपुढे मेळ्यातला निम्मा बाजार जमला होता. सगळ्यांत पुढे फुगेवाला होता, दोन नंबरच्या जागेचा, भाऊंचा वीस वर्षांचा शेजारी. “काय भाऊ!” तो लांबूनच ओरडला. “तुमची म्हणे परीक्षा घेतली! तुमची! उद्या माशाला पोहायला लावतील!” सगळे हसले. भाऊही हसले, पण त्यांचं हसू ओठांतच वाळलं.

खिडकीमागचा कारकून फार काटेकोर माणूस होता. एकदा त्याच्या हातून पाळण्याच्या परवान्यावर आइस्क्रीमचा शिक्का बसला होता, तेव्हापासून तो प्रत्येक कागद शिक्का मारण्याआधी खणखणीत आवाजात वाचून दाखवायचा. कुणाला तो नाही म्हणत नसे. “तसं बसत नाही,” एवढंच म्हणायचा. त्याने भाऊंना फॉर्म दिला. वर छापलं होतं: ‘अनुभवाचा दाखला. मालकाने स्वहस्ते भरावा.’

भाऊ कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. बायको शेजारी उभी राहिली. पहिल्या ओळीत कामगाराचं नाव लिहायचं होतं. भाऊंनी तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की दुकानाच्या कुठल्याच कागदावर ते आजवर कधी लिहिलं गेलं नव्हतं. कालावधी: बावीस वर्षे. कामाचे स्वरूप. इथे त्यांनी सवयीने, काही विचार न करता लिहिलं, ‘मदतनीस’.

बायकोने ते वाचलं. ती फक्त रस्त्याकडच्या खिडकीबाहेर बघायला लागली, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

भाऊ फॉर्म घेऊन खिडकीशी गेले. कारकुनाने तिथेच नजर टाकली. “मदतनिसाचा अनुभव आचाऱ्याला धरत नाहीत. तसं बसत नाही. खाडाखोड करू नका, नवीन फॉर्म घ्या.”

नवीन फॉर्म घेऊन भाऊ परत टेबलाशी आले आणि पेन हातात धरून बसून राहिले. एका बाजूला फुगेवाला आणि सगळा बाजार, खिडकीत खणखणीत वाचणारा कारकून. दुसऱ्या बाजूला बायको, अजून बाहेर बघणारी. गेल्या बावीस वर्षांत पडद्याच्या पुढे किती बोललो, आणि आता एका शब्दासाठी अडलो, असं त्यांना वाटलं. स्वतःची लाज वाटली, चांगली सडकून वाटली. मग त्यांनी लिहायला घेतलं. बटाटे निवडणे, सोलणे, कापणे, धुणे, टिपणे, तेल गाळणे, पहिल्यांदा तळणे, निववणे, दुसऱ्यांदा तळणे, आवाज ऐकणे... चौकट संपली, समास संपला, ते कागद उलटा करून मागे लिहायला लागले.

“एका ओळीत लिहा हो,” कारकून खिडकीतून म्हणाला. “मागचं धरत नाहीत.”

“एका ओळीत बसत नाही, साहेब,” भाऊ म्हणाले.

“तिसरा फॉर्म घ्या. हा शेवटचा.”

दोनला बारा मिनिटं होती. भाऊंनी तिसरा फॉर्म घेतला, क्षणभर विचार केला, आणि झरझर भरून खिडकीत सरकवला. मग ते तिथेच उभे राहिले, मान खाली घालून, हात मागे बांधून.

कारकुनाने चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं. मालकाशी नाते: पत्नी. इथे रांगेत जरा कुजबुज झाली. कालावधी: बावीस वर्षे.

“कामाचे स्वरूप,” त्याने वाचलं, आणि तो थांबला, आणि मग पहिल्यापेक्षा मोठ्याने वाचलं, “वर मीठ टाकणे सोडून बाकी सर्व.”

फुगेवाल्याने भाऊंकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग परत भाऊंकडे.

“म्हणजे तळणं?” त्याने विचारलं.

“तीच तळते,” भाऊ म्हणाले. मग रांगेकडे वळून त्यांनी पुन्हा सांगितलं. “पहिल्या दिवसापासून तीच तळते. मला काप तळता येत नाहीत. आज सकाळी नापास झालो. लोक मला चांगलं म्हणत गेले आणि मी ऐकत गेलो.”

“आणि ते ‘एकदाच, मोठ्या आचेवर’...”

“थाप होती ती.”

फुगेवाला आधी खुदकन हसला आणि मग रांगच्या रांग हसत सुटली. पण त्या हसण्यात डंख नव्हता. भाऊंना वाटलं होतं तेवढं ते जिव्हारी लागलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी घट्ट चप्पल काढल्यासारखं त्यांना मोकळं वाटलं.

“शांतता!” कारकून म्हणाला. “वर्तणूक: मालकापेक्षा बरी. काम सोडण्याचे कारण...” त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. “काम सोडण्याचे कारण: सोडलेले नाही. सोडण्याची कारणे पुष्कळ होती.”

त्याने चष्म्यावरून भाऊंकडे पाहिलं. “सोडलं नसेल तर ही ओळ कोरी ठेवायची असते.”

“राहू द्या, साहेब,” भाऊ म्हणाले. “मला ती लिहायची होती.”

‘तसं बसत नाही’ न म्हणता कारकुनाने कागद बायकोपुढे सरकवला. खाली छापलं होतं, ‘वरील मजकूर मान्य आहे. कामगाराची सही.’ तिने मागची सगळी रांग थांबवून तो कागद सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग पुन्हा एकदा वाचला. तिचे डोळे भरून आले होते आणि आज ते पुसायची तिला घाई नव्हती. तिने सही केली. एक वाजून छप्पन्न मिनिटांनी शिक्का बसला, एका बाजूला जरासा पुसट.

परवान्याच्या कागदावर कारकुनाने ‘आचारी’पुढे तिचं नाव लिहिलं. ती तो आणि शिक्का मारलेला दाखला हातात धरून वळली, तोच फुगेवाला आडवा आला. वीस वर्षं ज्या तक्रारी तो भाऊंच्या कानावर घालत आला होता, त्या घेऊन तो प्रथमच योग्य माणसाकडे निघाला होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “काप म्हणजे एक नंबर हो तुमचे. छानच असतात. पण एक सांगू का? मीठ दर वर्षी जरा जास्त पडतं.”

मागून टोप्या विकणाऱ्या बाईनेही मान डोलावली. आणखी दोघं “हो, हो, मीठ,” म्हणाले.

गिऱ्हाइकाशी आजवर एक शब्दही न बोललेल्या त्या बाईने ताठ उभं राहून सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग तिने तो दाखला उघडून फुगेवाल्यापुढे धरला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“नीट वाचा, भाऊजी,” ती म्हणाली. “मीठ यांचं आहे.”